माझा काटा सातवर थांबत नाही

"बाई, व्हिनेगर आणि कॉस्टिक सोडा बरोबरीला आले की आकडा सातच येतो, हे तुम्ही स्वतः कधी बघितलंय का?"

हा प्रश्न प्रश्नपेटीने भर प्रयोगशाळेत, तिसऱ्या टेबलापाशी उभं राहून, खणखणीत आवाजात विचारला. पैज मैत्रिणींची होती. "विचारून दाखव. नाही विचारलंस तर आठवडाभर आमच्या सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या तू भरायच्या!" प्रश्नपेटी हे नाव तिला वर्गाने ठेवलं आहे. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती. शंका कागदावर लिहायची, कागदाची बारीक घडी घालायची आणि बाईंच्या टेबलावर ठेवून पळून जायची. यंदा तिला वाचा फुटली, आणि फुटली ती अशी फुटली की आता बंद व्हायचं नाव नाही.

रसायनशास्त्राच्या बाईंनी खडू खाली ठेवला. "वीस वर्षं शिकवतेय मी."

"हो बाई. पण बघितलंय का?"

मागच्या टेबलावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई म्हणाल्या, "जर्नल पूर्ण कर आणि बस."

मित्रांनो, मी हे सगळं तिसऱ्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मी एक जुना सामूमापक आहे. सामू म्हणजे एखादा द्रव किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी. शाळेत मला सगळे पीएच मीटर म्हणतात. माझं अंग पत्र्याचं आणि राखाडी आहे, पुढे काचेमागे शून्य ते चौदा आकडे आणि एक लाल काटा. माझ्या वायरच्या टोकाला काचेचा दांडा आहे, त्याच्या शेवटी बुडबुड्याएवढा पातळ काचेचा फुगा. त्याला इलेक्ट्रोड म्हणतात. ती माझी जीभ. उजव्या अंगाला एक काळा नॉब आहे. तो माझा कान समजा.

आणि मी चिडलेलो आहे. आपली कहाणी सांगताना आधी गोड बोलायचं असतं, हे मला माहीत आहे. पलीकडच्या कपाटातला तराजू असता तर त्याने तुम्हाला वाकून नमस्कार केला असता. मला आज जमणार नाही. अकरा वर्षं माझा कान पिळून माझ्याकडून खोटं वदवून घेतलं आहे, आणि वर मीच बिघडलेला!

थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका ताईने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. मग दुसरीने मला तीन पेल्यांत बुडवून पाहिलं. त्या पेल्यांतल्या पाण्याचा सामू आधीच पक्का ठरलेला असतो. एक चारचा, एक सातचा, एक नऊचा. त्याला बफर म्हणतात. तराजूला जसं सरकारी वजन, तसं आमच्या जातीला बफर. तिने मला तीनदा उलटसुलट बुडवलं आणि शेजारणीला म्हणाली, "हट्टी आहे गं हा. कसाही विचारा, तेच सांगतो." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. त्यानंतर असं कौतुक फारसं वाट्याला आलं नाही, म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

मग मी या शाळेत आलो. पहिली काही वर्षं काय मजेची होती म्हणून सांगू! तेव्हा मुलांना हायड्रोक्लोरिक आम्ल द्यायचे. तीव्र आम्ल. पेल्यात ते असायचं, त्यात मी जीभ बुडवून बसायचो आणि वर उभ्या लावलेल्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, कॉस्टिक सोडा, म्हणजे तीव्र आम्लारी, थेंब थेंब पडायचा. माझा काटा एकच्या आसपास लोळत असायचा. बराच वेळ काही नाही. दीड. दोन. मुलं जांभया द्यायची. आणि मग अचानक एका थेंबाला काटा अशी झेप घ्यायचा की पुढे वाकलेली डोकी एकमेकांवर आपटायची. त्या झेपेच्या मधोमध सात. आम्ल आणि आम्लारी तिथे बरोबरीला आलेले असतात, कोणी उरलेलं नसतं. त्याला समतुल्य बिंदू म्हणतात. पेल्यात उरतं ते साधं मीठ आणि पाणी. मीठ गुपचूप बसतं, पाण्याची खोडी काढत नाही, म्हणून सात. तेव्हाच्या सरांनी त्यावरून एक मोठा तक्ता रंगवून घेतला आणि भिंतीवर लावला. तक्त्यात खाली ठळक लिहिलं, 'समतुल्य बिंदूला सामू ७'. खरं होतं ते. मीच सांगितलं होतं.

पुढे एकदा एका मुलीच्या बाहीवर आम्ल सांडलं आणि हात भाजला. फार नाही, पण मुलगी घाबरली, आईवडील आले, सभा झाली आणि ठरलं की आता मुलांना तीव्र आम्ल द्यायचं नाही. पातळ केलेलं व्हिनेगर द्यायचं. अगदी योग्य ठरलं. माझी त्याला काही हरकत नाही.

पण मित्रांनो, बाटली बदलली आणि तक्ता तसाच राहिला!

व्हिनेगरातलं आम्ल सौम्य असतं. सौम्य म्हणजे ते आपला हायड्रोजन सहजासहजी सोडत नाही, धरून बसतं. कॉस्टिक सोड्याने तो ओढून घेतला की मागे जे उरतं त्याला चैन पडत नाही. ते पाण्याकडे वळतं, पाण्याचाच हायड्रोजन थोडाथोडा ओढतं, आणि पाणी बिचारं आम्लारीकडे झुकतं. म्हणून बरोबरीला आल्यावरही आकडा सातवर थांबत नाही. वर जातो. आपल्या या प्रयोगात साधारण आठ पूर्णांक सातवर. उलट, आम्ल तीव्र आणि आम्लारी सौम्य घ्या, तर बरोबरीचा आकडा सातच्या खाली राहील, म्हणजे मिश्रण चक्क आम्लधर्मी. बरोबरी म्हणजे उदासीन असं कोणी सांगितलं? ज्याच्या त्याच्या उरलेल्यावर ते असतं.

पहिल्यांदा व्हिनेगर आलं त्या दिवशी मी इमानदारीत आठ पूर्णांक सात दाखवलं. सर तक्त्याकडे बघून म्हणाले, "मीटर गेला वाटतं."

गेला! माझ्याकडे बघून नाही, तक्त्याकडे बघून!

प्रयोगशाळेत एक काका आहेत. बाटल्या भरणं, पेले धुणं, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणं हे त्यांचं काम. बफरची पाकिटं तेव्हा संपलेली होती आणि नवीन मागवण्याचा अर्ज कुठल्यातरी फायलीत झोपला होता. काका म्हणाले, "काळजी करू नका सर, मी आणतो त्याला सातवर." त्यांनी पेल्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. हा दर्शक, रंग बदलून खूण देणारा. मिश्रण हलकं गुलाबी झालं, म्हणजे बरोबरी आली, आणि तिथेच काकांनी माझा कान पिळला. काटा सरकत सरकत सातवर आला. "झालं," काका म्हणाले.

त्यानंतर दरवर्षी तेच. पहिल्या तासाआधी काका यायचे, गुलाबी होईपर्यंत सोडा टाकायचे, कान पिळायचे. आणि हेच काका दर शनिवारी मला मऊ फडक्याने पुसायचे, काचेवरचा एक डाग राहू द्यायचे नाहीत, वायर गुंडाळताना तिला पीळ पडणार नाही असं बघायचे. नवीन आलेल्या शिपायाला सांगायचे, "याला उचलताना खालून हात घालायचा. पोटच्या पोरासारखा जपलाय मी." मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. वाईट माणसाने छळलं असतं तर मी त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळा झालो असतो. यांच्यावर धड रागावताही येत नाही!

सातवर मला आणल्यामुळे बाकी सगळं एक पूर्णांक सातने खाली घसरलं, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. साध्या व्हिनेगरला मी तीव्र आम्लांच्या रांगेत नेऊन बसवलं. दुधाला पाचच्या खाली उतरवलं. अकरा वर्षं! लक्षात येणार तरी कसं? मुलं माझ्याकडे बघतच नव्हती. थोरल्या बहिणीचं जर्नल धाकटीला, तिचं शेजारच्या दादाला, त्याचं त्याच्या आतेबहिणीला. आकडे आधी लिहायचे आणि मग माझ्यासमोर पाच मिनिटं उभं राहायचं. माझी जीभ पेल्यात, मुलांचे डोळे वहीत.

प्रश्नपेटी मात्र बघत होती. एका दुपारी तिने प्रयोग झाल्यावर माझी जीभ धुतली आणि सहज नळाच्या पाण्यात बुडवून ठेवली. काटा साडेपाचवर.

"अगं ए," ती मैत्रिणीला म्हणाली, "हे बघ. आपण पाणी पितो की लिंबूसरबत?"

"मीटर म्हातारा झालाय. चल ना, बस चुकेल."

"म्हातारा झाला म्हणून सरबत आणि पाणी एकच कसं लागेल त्याला?"

मग तिने जर्नल उघडलं. पान तेच, गेली अकरा वर्षं जसंच्या तसं उतरवलेलं. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'फिनॉल्फ्थॅलिन साधारण आठच्या पुढे गुलाबी होतो'. खालच्या ओळीत, 'गुलाबी रंग येताच सामू ७'. ती दोन्ही ओळींवर बोट ठेवून त्या आळीपाळीने वाचू लागली. मग म्हणाली, "अरेच्चा! या दोन ओळी एकमेकींशी बोलत नाहीत." मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

म्हणून तो प्रश्न, म्हणून ती पैज, आणि म्हणून बाईंचं ते "जर्नल पूर्ण कर आणि बस."

ती बसली नाही. तिची आई कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला आहे. रंगाच्या हौदांचा सामू तपासते, त्यामुळे बफर तिथे रोजचं. प्रश्नपेटीने आईकडून सातच्या बफरचं एक पाकीट मागून आणलं आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाण्यात विरघळवून माझी जीभ त्यात बुडवली. मी पाच पूर्णांक तीन दाखवलं. लाज वाटली मला. सातच्या बफरमध्ये पाच पूर्णांक तीन! तिने माझा कान धरला, पण कसा? हळूच, दोन बोटांनी, काट्याकडे बघत बघत. काटा सातवर आला आणि अकरा वर्षांनी मी खऱ्या सातवर उभा राहिलो. काय वाटलं ते सांगू शकत नाही. मान अवघडून झोपलेला माणूस उठून मान सरळ करतो तसं काहीतरी.

मग तिने व्हिनेगर घेतलं, सोडा सोडला, थेंब थेंब, आकडे लिहीत लिहीत. पेला गुलाबी झाला. काटा आठ पूर्णांक सात.

"येस्स!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाई आणि काका दोघेही धावत आले.

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "नॉबला कोणी हात लावला?"

"मी," ती म्हणाली. "काका, बघा ना, हा आता बरोबर—"

"अकरा वर्षं एकदा चुकला नाही तो! तू एका दिवसात बिघडवलास." काकांनी मला दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढलं.

"काका, तो बिघडलेला नाही. बाई, सातवर फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होतच नाही. आणि आपण गुलाबी बघून थांबतो. मग सात कसा येईल?"

बाईंनी जर्नल हातात घेतलं. क्षणभर त्यांची नजर त्या दोन ओळींवर थांबली, हे मी शपथेवर सांगतो. पण दारात मुलं जमली होती, काकांचे डोळे भरले होते, आणि बाईंनी जर्नल मिटलं. "हे खोडून सात कर."

"जे दिसलं ते लिहिलंय बाई."

"परवानगी न घेता शाळेच्या यंत्राला हात लावलास, वर वाद घालतेस?"

संध्याकाळी तिच्या हातात एक छापील माफीपत्र आलं. रिकाम्या जागेत बाईंनी पेनने लिहिलं होतं, 'मी परवानगीशिवाय सामूमापक हाताळला आणि तो बिघडवला. मला क्षमा करावी.' खाली तिची सही, तिच्या आईबाबांच्या सह्या. मला घरी नेऊन दुरुस्त करून आणायचं, आणि सहीचा कागद दिल्याशिवाय शुक्रवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसायचं नाही. प्रात्यक्षिक बुडालं की वर्ष बुडालं.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा मला कापडी पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. बाबा बस चालवतात, त्यामुळे वाटेत एक धक्का बसू दिला नाही. दुकानातले आजोबा कानात पेन्सिल खोचून बसले होते. आजूबाजूला रेडिओ, वजनकाटे, दवाखान्यातली रक्तदाब मोजायची यंत्रं.

"काय झालंय याला?"

"खोटं बोलतो म्हणे," बाबा म्हणाले.

आजोबांनी फळीवरून तीन बाटल्या काढल्या. चार, सात, नऊ. कारखान्यातल्या त्या ताईनंतर पहिल्यांदाच मला तिन्ही मिळाले! मी चार सांगितलं, सात सांगितलं, नऊ सांगितलं. आजोबांनी दांडा पुसून बाटलीच्या टोपणात थोडं पाणी घालून त्यात ठेवला.

"याला काही झालेलं नाही. फक्त याची काच सुकू देऊ नका. ज्यांनी पाठवलंय त्यांना घेऊन या, त्यांची दुरुस्ती करून देतो."

प्रश्नपेटी खुदकन हसली. बाबा हसले नाहीत. "तसं लिहून द्याल का?"

"अहो, मी दुरुस्त केल्याची पावती देतो. न बिघडल्याची कुठून देऊ?"

आणि आम्ही हात हलवत परत आलो.

आत्ता मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. शेजारी आईचा डबा, बाबांची टोपी आणि तो कागद. आई कामावरून येऊन नुकतीच बसली आहे. तिच्या नखांत निळा रंग आहे.

"सही कर आणि मोकळी हो," बाबा म्हणाले. "मीही करतो. शुक्रवार गेला की कोण विचारतंय?"

"पण बाबा, तुम्ही ऐकलंत ना आजोबांनी काय सांगितलं?"

"ऐकलं. आजोबा येऊन तुझी परीक्षा घेणार आहेत का?"

"आई, तू सांग. तू हौदाला जो आकडा दिसेल तोच लिहितेस ना?"

"लिहिते," आई म्हणाली. "तिथे खरा आकडा लिहायचा मला पगार मिळतो. तुला गुण मिळवायचेत. आणि मी तुला पाकीट दिलं ते प्रयोगाला, बाईंशी भांडायला नाही."

"मी भांडले नाही. मी विचारलं."

"तुझं विचारणंसुद्धा भांडल्यासारखं असतं गं, बाळा. माझ्यावर गेलीयेस."

बाबांनी पेन उघडून तिच्यासमोर ठेवलं. ते कोणी वाईट नाहीत. त्यांना फक्त मुलीचं वर्ष वाचवायचं आहे. आणि प्रश्नपेटी त्या पेनकडे बघते आहे. तिचा अंगठा नखाने टेबल कुरतडतो आहे. सही केली तर परीक्षा आहे, गुण आहेत, पुढची इयत्ता आहे, आणि मी? शनिवारी काका फडकं घेऊन येतील, माझी काच लख्ख पुसतील आणि माझा कान पिळतील. जन्मभर सात!

मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे तुम्हाला. मला पुसलं नाहीत तरी चालेल. धूळ बसू दे माझ्यावर, बोटांचे ठसे उमटू देत. मला जपायचंच असेल तर माझी जीभ ओली ठेवा, वर्षातून दोनदा खरा बफर पाजा, आणि मी काय म्हणतो ते डोळे उघडून वाचा. माझा आकडा तुमच्या वहीशी जुळला नाही, तर माझा कान धरायच्या आधी एकदा वही तपासा. पेल्यात काय ओतलंय ते बघा. बाटलीवरचं नाव बघा. मी हट्टी आहे, कबूल. मला हट्टीच बनवलं आहे. ज्या दिवशी मी तुमच्या मनासारखं बोलायला लागेन त्या दिवशी मला भंगारात टाका, माझा काही उपयोग उरलेला नसेल.

प्रश्नपेटीने पेन उचललं. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिने पेनाने 'आणि तो बिघडवला' या शब्दांवर एक सरळ रेघ मारली, पेनाचं टोपण लावलं, आणि खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. परवानगी न घेता हात लावला, त्याची माफी मी मागते, त्याखाली सही करते. काकांना वाईट वाटलं, त्यांची जाऊन वेगळी माफी मागते. पण यंत्र बिघडवलं असं मी लिहून देणार नाही. शुक्रवारी बसू दिलं तर माझ्या कागदावर आठ पूर्णांक सातच असेल. आणि नाही बसू दिलं तर मी पुढच्या वर्षी धाकट्या मुलांच्या रांगेत उभी राहीन, माझा नंबर आला की परत तोच प्रयोग करीन, आणि परत तेच लिहीन."